मंजिरीवर पाच जणी

“मॅडम, जिवंत माशी एवढी गप्प बसते का कधी?”

हे मी विचारलं. आणि असं विचारलं, जणू मला खरंच उत्तर हवं होतं. डोळे मोठे, हात मागे, आवाज अगदी गोड. आठवीत असताना मला हे फार सुंदर जमायचं.

वैशंपायन मॅडम वळून माझ्याकडे बघायला लागल्या. त्या रत्नागिरीहून आल्या होत्या. तिथे त्यांचा फोटो स्टुडिओ होता, आणि स्टुडिओला कुलूप लावून त्या अर्धं वर्ष कॅमेरा घेऊन जंगलात असतात, असं मापारी सरांनी आम्हाला आधीच भारावलेल्या आवाजात सांगून ठेवलं होतं. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत दोरीला कपड्यांचे चिमटे लावून सव्वीस फोटो टांगले होते. विषय होता ‘फुलावरचा पाहुणा’. त्यातून एकच निवडायचा. ज्याचा निवडला जाईल त्याला आंबोलीत तीन दिवसांचं शिबिर, आणि तिथे हातात खरा कॅमेरा, खऱ्या क्लोजअपच्या लेन्ससकट.

ते शिबिर माझं होतं. म्हणजे कुणी तसं म्हटलं नव्हतं, पण शाळेत शिपाईमामांपासून हेडसरांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं की किड्यांचे फोटो म्हणजे करंबेळ्यांची शमिका. माझं तेरड्यावरचं फुलपाखरू पहिल्याच चिमट्याला होतं. मॅडम त्याच्यासमोर अर्धा मिनिट थांबल्या, “छान” म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मग शेवटच्या ओळीत हर्षाली गुरवच्या फोटोसमोर थांबल्या त्या हलेचनात. प्रयोगशाळेच्या घड्याळात मी मोजलं. चार मिनिटं!

फोटो होता तुळशीच्या मंजिरीवरच्या माशीचा. साधी घरमाशी नव्हे, मधमाशीच्या जातीतली. पाठीवर निळ्या पट्ट्या, आणि निळा तरी कसला, मोरपिसाला लाज वाटेल असा. तिने मंजिरीची काडी जबड्यात धरली होती आणि बाकी अंग अधांतरी. अंगावरच्या एकेका केसावर दवाचा थेंब. थेंबात, खोटं सांगत नाही, थेंबात उलटी तुळस दिसत होती.

मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा छातीत कुणीतरी ओलं कोकम पिळल्यासारखं झालं.

“म्हणजे?” मॅडमनी मला विचारलं.

“काही नाही मॅडम. मी इंटरनेटवर वाचलं होतं. काही लोक किडे फ्रीजमध्ये ठेवतात. थंडीने ते गारठतात, मग फुलावर चिकटवून आरामात फोटो काढतात. म्हणजे हर्षालीने तसं केलं असं मी म्हणत नाही हं.”

“आमच्याकडे फ्रीजच नाही,” हर्षू म्हणाली.

पोरं खो खो हसली. मापारी सरसुद्धा मिशीत हसले. हर्षू हसली नाही. तिला विनोद करायचा नव्हताच, ती आपली माहिती देत होती.

“दुकानात आहे की!” मी म्हटलं. “शिवगणांच्या. आइस्क्रीमचा.”

“शमिका,” सर म्हणाले, “पुरे.”

पण मॅडमच्या कपाळावर आठी आली होती. त्यांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं, आणि या वेळी वेगळ्या नजरेने. मला हवी होती तीच ती नजर.

“हर्षाली, ही माशी काय करत होती?”

“झोपली होती.”

पुन्हा हशा. मागून कुणीतरी घोरल्याचा आवाज काढला. हर्षूचे कान लाल झाले, पण ती बोलत राहिली. “रोज झोपतात मॅडम. देवळामागे तुळशीचा वाफा आहे, त्यात. कुंपणाकडून तिसरं झाड, त्याची एक वाळलेली मंजिरी आहे. संध्याकाळी येतात, तोंडाने काडी धरतात आणि झोपतात. सकाळी ऊन लागलं की जातात. रोज त्याच काडीवर.”

“माशा अशा झोपतात हे मी ऐकून आहे,” मॅडम सावकाश म्हणाल्या. “पण वीस वर्षांत मला एकदाही दिसलेल्या नाहीत. मी आज रात्री देवरुखला मुक्कामाला आहे. उद्या सकाळी पावणेसातला येते. दाखवशील?”

“हो.”

“दिसल्या तर आंबोलीला तू. नाही दिसल्या तर,” त्यांनी माझ्या फुलपाखराकडे बघितलं, “मग बघू.”

आता हर्षू कोण ते सांगायला हवं. हर्षू म्हणजे माझी फांदी धरणारी.

फुलावरच्या किड्याचा जवळून फोटो काढायचा तर वारा हा मोठा वैरी. किडा बसलाय, तुम्ही श्वास सोडलाय, बोट बटणावर आहे, आणि वाऱ्याची एवढीशी झुळूक आली की फूल गेलं चौकटीबाहेर. म्हणून देठ खालून कुणीतरी चिमटीत धरायचा. हालचाल न करता, सावली न पाडता, डास चावला तरी. सातवीचं अख्खं वर्ष हर्षूने माझ्यासाठी देठ धरले. कातळाच्या सड्यावर उन्हात, बांधावर चिखलात. एकदा तिच्या पायावरून विरुळा गेला, हा एवढा लांब पाणसाप, तरी तिने देठ सोडला नाही. फोटोखाली नाव मात्र माझं.

भिंगही माझंच. माझा विजूमामा देवरुखला टीव्ही दुरुस्त करतो. त्याच्याकडच्या मेलेल्या डीव्हीडी प्लेअरच्या पोटात मसुरीच्या डाळीएवढं भिंग असतं. ते केसांच्या पिनेत अडकवायचं आणि चिकटपट्टीने मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बसवायचं. झालं! मुंगीच्या मिशा दिसतात. फक्त एक खोड आहे, की तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढंच अंतर स्पष्ट येतं. मोबाईल केसभर पुढेमागे झाला की सगळं धुकं. हे सगळं मी हर्षूला शिकवलं. कोपर पोटाला टेकव, श्वास सोड, मग बटण दाब. आठवीच्या सुरुवातीला मामाकडून आणखी एक भिंग मिळालं ते मी तिला देऊनही टाकलं, मोठ्या मनाने. मला वाटलं, धरणाऱ्यालाही कधी वाटतं ना बघावंसं.

आणि तिने हा फोटो काढला! वडिलांच्या तडा गेलेल्या मोबाईलवर!

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. आई म्हणाली, “काय गो, काय झालं? तोंड का एवढं?”

“काही नाही.”

“परीक्षेत कमी पडले?”

“आई, प्रदर्शन होतं, परीक्षा नव्हती.”

“मग पहिली आलीस की नाही?”

“उद्या कळेल,” मी म्हटलं, आणि पाचचा गजर लावून आईचा मोबाईल उशीखाली घेतला.

खरं सांगायचं तर मी काही करायला म्हणून गेले नव्हते. मला फक्त बघायचं होतं की ती खोटं बोलते आहे. सहाच्या सुमारास मी देवळामागच्या दगडी गडग्यावरून उडी मारून आत उतरले. लक्ष्मीकेशवाचं देऊळ आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. पूजा हर्षूच्या वडिलांकडे, आणि फुलं काढणं हर्षूकडे. ती रोज अंधार असतानाच टोपली घेऊन निघते हे मला माहीत होतं, म्हणून मी वाकून, लपून चालले होते. पण वाफ्यात कुणी नव्हतं. लांब रस्त्याकडेला अनंताच्या झाडाखाली तिची टोपली दिसली आणि तिची पाठ. आज इकडे यायचं नाही वाटतं, असं मनात आलं. मला बरंच झालं.

कुंपणाकडून तिसरं झाड. वाळलेली मंजिरी, वितीएवढी, बाजूला झुकलेली.

पाच होत्या.

एक नाही, पाच! एकीखाली एक, खुंट्यांना टांगलेल्या घुंगरांसारख्या. प्रत्येकीने काडी तोंडात धरलेली, पाय पोटाशी दुमडलेले. पाचही जणी दवाने चिंब. अजून पुरता उजेड नव्हता. आकाश राखाडी होतं, आणि त्या राखाडीत त्यांच्या निळ्या पट्ट्या आतून दिवा लावल्यासारख्या दिसत होत्या. मी तोंडासमोर हात धरला. माझ्या श्वासाने जाग्या होतील म्हणून.

दोन गोष्टी मला एकदम वाटल्या. एक, की एवढं सुंदर मी जन्मात काही पाहिलेलं नाही. आणि दुसरी, की हे हर्षूचं आहे. रोज सकाळी तिचं. मी घरी चादर ओढून लोळत असते तेव्हा ती इथे टोपली घेऊन उभी राहते आणि हे बघते. वर्षभर माझ्या तेरड्यांचे देठ धरले, आणि हे असलं काही आपल्याकडे आहे याचा एका शब्दाने उच्चार नाही!

मी पिनेतलं भिंग बसवलं. गुडघे टेकले, कोपर पोटाला लावलं, श्वास सोडला. धरायला कुणी नव्हतं पण वाराही नव्हता. एकच काढला. पडद्यावर बघितलं आणि मला माझंच खरं वाटेना. हर्षूच्या फोटोत एक होती. माझ्यात पाच होत्या.

मग मला कळलं, की हा फोटो मी कुणालाच दाखवू शकत नाही.

दाखवला, तर हर्षू खरी ठरते. आयुष्यातला सगळ्यात भारी फोटो, आणि तो तिची साक्ष द्यायला निघाला! मी तिथे उकिडवी बसून त्या पाच जणींकडे बघत राहिले. थोड्या वेळाने मॅडम येणार, वाकून बघणार, त्यांच्या तोंडातून ‘अगं बाई!’ निघणार. ते ‘अगं बाई’ हर्षूचं.

मी मंजिरी खालून धरली आणि मोडली.

कट्‌ असा आवाज आला. तीन माशा सुटून खाली मातीत पडल्या. गारठलेल्या होत्या, त्यांना उडताही येईना. एक पाठीवर पडून पाय झाडत होती. मग धडपडत, एकेक, पंख थरथरवत त्या गवतात शिरल्या आणि थोड्या वेळाने भुर्र झाल्या. उरलेल्या दोघींनी काडी सोडलीच नाही. मोडलेल्या काडीवरही त्या तोंडाने धरून तशाच झोपून होत्या. मी हात झटकला, पुन्हा झटकला. सोडीनात. रस्त्याकडून टोपलीची कडी वाजली, मी घाबरले, आणि ती काडी दोघींसकट गडग्यापलीकडच्या पऱ्यात फेकून दिली. ओढ्याला पावसाळ्याचं पाणी अजून जोरात होतं. काडी एकदा वर दिसली, मग दिसली नाही.

पावणेसातला सगळे जमले. मॅडम, गळ्यात हा मोठा कॅमेरा. मापारी सर, स्कूटरवरून आलेले, कानटोपी घालून. हर्षूचे वडील, पूजेचं सोवळं नेसलेले, उघडे. आणि मी. “मी पण बघायला आले,” असं म्हणत, केस नीट विंचरून.

“या, या मॅडम,” काका म्हणाले. “आमची बाय काल घरी येऊन सांगत होती. म्हटलं, माशा बघायला रत्नागिरीहून माणसं यायला लागली, आता देवाला कोण विचारतो!”

हर्षू हसत पुढे झाली. वाफ्याच्या कडेला पोचली. कुंपणाकडून तिसरं झाड. ती थांबली, आणि तिचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातलं सगळं निघून गेलं.

“इथे होती,” ती म्हणाली.

“काय?”

“मंजिरी. इथेच होती.”

तिने दुसरं झाड बघितलं, चौथं बघितलं. खाली बसून पानं बाजूला केली. पुन्हा तिसऱ्याकडे आली. मॅडम कॅमेऱ्याचं झाकण काढून उभ्या होत्या. पाच मिनिटांनी त्यांनी ते परत लावलं. तो टिक असा आवाज मला अजून येतो ऐकू.

“काल संध्याकाळी होत्या मॅडम. मी मोजल्या. देवाशप्पथ.”

“असू दे बाळा. होतं असं.” मॅडम प्रेमानेच बोलल्या, पण तुम्हाला माहितीय ना, मोठी माणसं लहान मुलाचं खोटं पकडल्यावर जेवढं प्रेमाने बोलतात तेवढ्या प्रेमाने. “फोटो फार सुंदर आहे तुझा. पण कसा काढला ते खरं सांगायचं असतं. मेलेल्या माशीचा काढला तरी हरकत नाही, सांगायचं.”

“मेली नव्हती ती!” हर्षू ओरडली. मी तिला ओरडताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

“हर्षाली,” सर म्हणाले. “मॅडमशी असं बोलतात?”

काका वाकून तिसऱ्या झाडाकडे बघत होते. त्यांनी मोडलेल्या काडीच्या टोकाला बोट लावलं.

“ताजी मोडल्येय,” ते म्हणाले.

“तुम्हीच तोडली असेल काका, पूजेला,” मी म्हटलं. किती सहज निघालं ते तोंडातून.

काकांनी माझ्याकडे बघितलं. “आज द्वादशी आहे गो. द्वादशीला तुळशीला आमच्या घरात कुणी नख लावत नाही. देवाला आजची तुळस मी कालच काढून ठेवली. आज पोर वाफ्याकडे फिरकलीसुद्धा नाही, ती तिकडे अनंत काढीत होती.”

मला द्वादशी माहीत नव्हती. आमच्या घरात कॅलेंडर फक्त गॅस कधी लावला ते लिहायला आहे.

हर्षूने हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या गुडघ्यांकडे. दोन्ही गुडघ्यांना ओली लाल माती लागली होती. मी एका पायाने दुसरा झाकायचा प्रयत्न केला, जे माणसाला शक्य नसतं.

ती काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी भांडले असते, आणि भांडणात मी कधी हरत नाही.

“गुरं शिरली असतील,” सर म्हणाले. “चला मॅडम, तुम्हाला उशीर होतोय. मग शमिकाचंच नाव घालू या का?”

“घाला,” मॅडम म्हणाल्या. त्या गाडीकडे चालायला लागल्या होत्या. मी त्यांच्या बरोबरीने, जवळजवळ उड्या मारत. मला आंबोली मिळाली होती! मी म्हटलं, “थँक्यू मॅडम! तुम्हाला माझं फुलपाखरू आवडलं ना?”

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. त्यांचं लक्ष किल्ली शोधण्यात होतं. “असे दरवर्षी चाळीसएक येतात माझ्याकडे. तेरडा, फुलपाखरू, मागे हिरवं. पण चांगलं आहे, स्वच्छ आहे.”

चाळीसएक.

मी थांबले. त्यांनी किल्ली शोधली, गाडीचं दार उघडलं, आणि मागे वळून, माझ्याकडे नाही, हर्षूच्या तुळशीकडे बघून एक उसासा टाकला. ज्या फोटोला त्या खोटा म्हणत होत्या त्याच्यासाठी उसासा. आणि माझ्या खऱ्याला ‘स्वच्छ’!

“माझ्याकडे याच्याहून भारी आहे,” मी म्हटलं.

“काय?”

“तिच्याहून भारी! तिच्यात एक आहे. माझ्यात पाच आहेत!”

मोबाईल त्यांच्या हातात होता. मी दिला असणार, दुसरं कोण देणार? त्यांनी चष्मा वर केला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, मग आणखी मोठा. आणि त्यांच्या तोंडून अगदी हळू निघालं, “अगं बाई…”

ते माझं होतं. जेमतेम तीन सेकंद, पण पूर्ण माझं.

मग त्यांनी फोटो खाली सरकवला, जिथे तारीख आणि वेळ दिसते. “आज,” त्या म्हणाल्या. “सहा वाजून अकरा मिनिटं.”

सर जवळ आले. काका आले. हर्षू आली नाही, ती वाफ्यातच उभी होती.

“धक्का लागला असेल पोरीचा,” काका पटकन म्हणाले. “फोटो काढता काढता. वाळकी काडी ती, लगेच मोडते. होय ना गो?”

मला फक्त मान हलवायची होती. काकांनी सुटकेचं दार सताड उघडून धरलं होतं आणि त्यांच्याच मुलीचं वाटोळं करणाऱ्याला आत ये म्हणत होते. मला ते सहन होईना.

“नाही काका,” मी म्हटलं. “मी मोडली.”

त्याच दिवशी आंबोलीच्या यादीत हर्षाली गुरव हे नाव लागलं. आणि सोमवारी प्रार्थनेनंतर मापारी सरांनी मला पुढे बोलावलं. मला वाटलं, आता चारशे पोरांसमोर माझे वाभाडे निघणार. पण सर म्हणाले, “चूक सगळ्यांकडून होते. पण कुणी विचारलेलं नसताना, हातात आलेलं बक्षीस सोडून, स्वतःहून पुरावा आणून देणारी मुलगी मी माझ्या नोकरीत दुसरी पाहिली नाही.” आणि टाळ्या! हेडसरांनीसुद्धा वाजवल्या. तेव्हापासून शाळेत प्रामाणिकपणावर निबंध आला की निम्म्या वर्गाच्या वहीत मी असते. आता मी दहावीत आहे, भाषणं करते, सूत्रसंचालन करते, पाहुण्यांसमोर पाय लटपटत नाहीत माझे. ते सगळं त्या टाळ्यांपासून सुरू झालं. आणि मी कुणालाही सांगितलेलं नाही की मला खरं बोलायचं नव्हतं. मला फोटो दाखवायचा होता.

हर्षू मात्र त्या दिवशी टाळ्या वाजवत नव्हती. मी रांगेत बघितलं होतं. ती हाताची घडी घालून उभी होती.

अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बाक बदलला. आंबोलीला जाऊन आली, तिथे काय झालं ते सगळ्यांना सांगितलं, मला सोडून. खऱ्या लेन्समधून बेडकाचा डोळा कसा दिसतो ते ती मधल्या सुट्टीत मुलींना सांगायची आणि मी दोन बाक सोडून डबा खात कान लावून ऐकायचे.

बाराव्या दिवशी संध्याकाळी ती आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. टोपली कमरेवर.

“दाखव,” ती म्हणाली.

“काय?”

“काय म्हणजे? फोटो.”

मी आईचा मोबाईल आणून दिला. ती पायरीवर बसली. दोन बोटांनी मोठा करून ती तो फोटो वरून खाली बघत गेली, एकेक माशी. कितीतरी वेळ. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिचे ओठ आत वळले आणि नाकाचा शेंडा लाल झाला. मी ते तोंड ओळखलं! ती जळत होती. हर्षू, माझ्यावर! मला इतकं बरं वाटलं की मी तिच्या शेजारी बसलेच.

“पाच,” ती म्हणाली.

“हो. पाच.”

“आमच्या मोबाईलमध्ये पाच कधी मावल्याच नाहीत. मी किती वेळा बघितलं काढून.” मग बोटांनी आणखी मोठा करून, “चौथीचा फोकस गेलाय.”

“कुठे गेलाय!”

“हा बघ. डोळा धुरकट आहे.”

मी मोबाईल ओढून घेतला. गेला होता. बारा दिवस तो फोटो रोज रात्री बघून मला ते दिसलं नव्हतं. माझं तोंड बघून तिला हसू आलं, पण तिने ते आवरलं.

“शमे,” ती म्हणाली. “मोडलीस तेव्हा सगळ्या उडाल्या ना गो?”

“हो,” मी म्हटलं.

तिने मान हलवली. टोपलीतलं एक सुकलेलं पान काढून टाकलं. “आता कुंपणावरच्या घाणेरीवर झोपतात. मी शोधून काढलं. रोज मोजते.” तिने माझ्याकडे बघितलं नाही. “तीनच येतात.”

अंगणात कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या होत्या. आई आतून कुणाला तरी हाक मारत होती. या वेळी मला कुठलाच फोटो दाखवायचा नव्हता.

“दोघींनी काडी सोडलीच नाही,” मी म्हटलं. “मी झटकली. त्या सोडेचनात. मग मी तशीच फेकली. पऱ्यात.”

हर्षू उठली, टोपली कमरेवर घेतली आणि अंगणाच्या टोकापर्यंत गेली. मला वाटलं, आता ही पुन्हा कधी यायची नाही.

बेड्याच्या फाटकाशी ती थांबली.

“उद्या साडेपाचला ये,” ती पाठमोरीच म्हणाली. “मोबाईल घरी ठेवून ये.”